डोक्यावर बर्फ, खाली मूरिंग: सोडायचं की नाही? (एक प्रकरण)

जहाज, संस्था, वर्ष आणि माणसं यांपैकी कशाचंही नाव इथे दिलेलं नाही. जागा सांगायला हरकत नाही: आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांच्या उत्तरेला, ८१ अंश अक्षांशाच्या आसपास, जिथे समुद्रतळ उताराला लागतो तिथे. मूरिंग परत काढायला गेलेल्या चमूत मी होते आणि खाली येणाऱ्या दोन चुकांपैकी पहिली माझ्या यादीतली होती.

पार्श्वभूमी

मूरिंग म्हणजे समुद्रात उभी टांगलेली दोरी. खाली वजन, वर फ्लोट, मध्ये ठिकठिकाणी उपकरणं. आपल्याकडे हा शब्द थोडाफार कानावर आला तो इंडआर्कमुळे. गोव्यातल्या वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र आणि चेन्नईची एनआयओटी, म्हणजे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, यांनी २०१४ साली स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्ड या अरुंद खाडीत भारताचं आर्क्टिकमधलं ते पहिलं मूरिंग पाण्यात उतरवलं. हे प्रकरण त्याचं नव्हे. आमचं मूरिंग फ्योर्डच्या आडोशाला नव्हतं, उघड्यावर होतं, आणि वर्षातले बहुतेक महिने त्याच्या डोक्यावर बर्फ असायचा.

पाण्याची खोली ८०० मीटर. तळाला नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाकं. जगभर बरेच जण हीच वापरतात, स्वस्त पडतात आणि परत आणावी लागत नाहीत. चाकांच्या वर, तळापासून साधारण १० मीटरवर, शेजारी शेजारी दोन रिलीज. रिलीज म्हणजे आवाजावर उघडणारा आकडा (हूक). जहाजावरून ठरावीक सूर पाण्यात सोडले की तो ओळखतो, उत्तराचा पिंग देतो, आणि उघडण्याचा हुकूम मिळाला की आकडा सोडतो. चाकं तळाशी राहतात, बाकी सगळं वर येतं. सर्वांत वर, पृष्ठभागापासून ४५ मीटर खाली, मोठा केशरी फ्लोट आणि त्यात वर तोंड करून बसवलेला सोनार, बर्फाची जाडी मोजायला. मध्ये तापमान आणि क्षारता नोंदवणारी उपकरणं, प्रवाहमापक, आणि ३०० मीटरवर हायड्रोफोनचा, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनचा, रेकॉर्डर, जो दर तासाच्या सुरुवातीची १० मिनिटं ध्वनिमुद्रण करत होता.

मूरिंग बांधणाऱ्यांनी एक गोष्ट विचारपूर्वक केली होती. सगळा तरंगता भार वरच्या आणि मधल्या भागात ठेवला, तळाजवळ फ्लोट लावलेच नाहीत. त्यामुळे सुटल्यावर वरचं टोक पृष्ठभागाला लागलं तरी रिलीज खाली शेपटासारखा लोंबत राहणार होता. पुढे आमची लाज राखली ती याच गोष्टीने.

मूरिंग पाण्यात जाऊन वर्ष झालं होतं. रिलीजच्या बॅटरीची खात्री दोन वर्षांची. पुढच्या वर्षी जहाज मिळालंच तर आम्ही त्या मर्यादेच्या अगदी काठावर पोचणार होतो.

अडचण

सप्टेंबरचा शेवट. दुपारी १३:४० ला जागेवर पोचलो. दहापैकी नऊ भाग बर्फ, लाद्या वाऱ्याबरोबर सरकत होत्या. नोंदवहीतल्या जागेपासून ११०० मीटरवर थोडं मोकळं पाणी सापडलं, तिथे जहाज थांबवलं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात सूर सोडणारं आणि ऐकणारं यंत्र, बाजूच्या कठड्यावरून आठ मीटर खाली सोडला आणि १४:०२ पासून रिलीजला हाका मारायला लागलो. सहा हाका, उत्तर नाही.

पुढे सरकून ७०० मीटरवर पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या हाकेला डेक युनिटवर, म्हणजे हाकेच्या उत्तराला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या जहाजावरच्या यंत्रावर, आकडा उमटला: १०७७ मीटर. सगळ्यांचे चेहरे उजळले. लगेच पुढच्या हाकेला आकडा आला १८०७. मग काहीच नाही. मग पुन्हा १०७९.

बर्फ फक्त दक्षिणेकडून जवळ जाऊ देत होता, म्हणून त्या बाजूच्या तीन जागांवरून अंतरं घेतली आणि नकाशावर तीन वर्तुळं काढली. ती एका बिंदूत मिळेनात. मध्ये एक जाडजूड त्रिकोण उरला, आणि त्याचा मध्य नोंदवहीतल्या जागेपासून सव्वाशे मीटर उत्तरेला पडला. कोणीतरी म्हणालं, नांगर घसरला. एकदा हे वाक्य उच्चारलं गेल्यावर ते हवेत राहतंच. पुढचे आठ तास आम्ही घसरलेल्या नांगराच्या मागे होतो. जहाजाच्या इकोसाउंडरवर, म्हणजे आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्रावर, फ्लोटचे ठिपके दिसतात का, म्हणून उत्तरेकडे बर्फ फोडत फेऱ्या मारल्या. बर्फ फोडताना तुकडे आणि हवेचे बुडबुडे जहाजाच्या पोटाखालून सरकतात, आणि इकोसाउंडरचा पडदा शाई सांडल्यासारखा होतो. काहीही दिसलं नाही.

याच फेऱ्यांत रात्री एकदा थांबून हाक मारली तर ८०१ मीटर आलं. रिलीज ट्रान्सड्यूसरच्या ७८० मीटर खाली, तिरकं अंतर ८०१, म्हणजे आडवं अंतर साधारण १८० मीटर. आम्ही पुढे निघालो. खरं तर त्या क्षणी आम्ही मूरिंगच्या बरोबर डोक्यावर उभे होतो.

बर्फाचं पोट आणि आवाज

इथे थोडं थांबून आवाजाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर वरचे आकडे म्हणजे नुसती चक्रावणारी गोष्ट वाटेल.

आर्क्टिकमध्ये पाणी वर थंड आणि कमी खारं, खाली अटलांटिकमधून आलेलं उबदार आणि खारट. त्या सकाळी वरचं पाणी उणे १.८ अंशांवर होतं. तिथे आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १४४० मीटर. दोनशे मीटरवर पाणी ३ अंशांचं, तिथे वेग १४६५ च्या आसपास. आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो, म्हणून इथे तो सारखा वर, बर्फाकडे वाकतो. उष्ण समुद्रात याच्या उलट होतं: वरचं पाणी गरम, म्हणून आवाज खाली वळतो. अरबी समुद्रात शिकलेल्या माणसाला ही सवय मोडायला वेळ लागतो.

वर वाकलेला आवाज बर्फाच्या पोटावर आदळतो. ते पोट वरून दिसणाऱ्या पांढऱ्या मैदानासारखं नसतं. वाढत्या बर्फाचे खालचे काही सेंटिमीटर म्हणजे पातळ पापुद्र्यांचा, मधे खारं पाणी धरून ठेवलेला मऊ थर. तो आवाज पितो. जिथे लाद्या एकमेकींवर चढल्या, तिथे पाण्याखाली कित्येक मीटर खोल गेलेले ढिगारे. आमच्या हाका १२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे तरंगलांबी १२ सेंटिमीटर. एवढ्या बारीक तरंगाला तो प्रत्येक खाचखळगा जाणवतो आणि आवाज चहूकडे विखुरतो. पडक्या वाड्याच्या चौकात टाळी वाजवली तर जे होतं, साधारण ते.

तरंग लांब केला की हाच बर्फ जवळजवळ गुळगुळीत होतो. १९९४ साली याच भागातून १९.६ हर्ट्झचा सूर सोडून तो आर्क्टिकपार ब्यूफोर्ट समुद्रात, सुमारे २६०० किलोमीटरवर ऐकला गेला होता. तो अपेक्षेपेक्षा लवकर पोचला आणि त्यावरून कळलं की मधलं अटलांटिक पाणी तापलंय. तिथे तरंगलांबी सत्तर मीटरहून जास्त होती. दोन मीटरच्या बर्फाची तिला काय पडली आहे! पण रिलीजसारख्या छोट्या उपकरणातून इतका खोल सूर काढता येत नाही. आम्हाला १२ सेंटिमीटरवरच भागवायचं होतं.

मग १८०७ कुठून आला? हाक सरळ गेली असावी, पण उत्तराचा सरळ आलेला पिंग थ्रस्टरच्या, म्हणजे जहाज जागेवर धरणाऱ्या पंख्यांच्या, गोंगाटात बुडाला. त्याच पिंगचा जो भाग वर बर्फाला लागून, तळाला आपटून, पुन्हा वर आला, तो उशिरा पोचला आणि यंत्राने तोच खरा मानला. गणित करून पाहिलं तर आकडा बराच जुळतो.

पर्याय

मध्यरात्री प्रयोगशाळेत बैठक झाली. या स्टेशनला १८ तास राखून ठेवलेले होते, त्यातले दहा संपले होते.

पहिला पर्याय, सोडून द्या, पुढच्या वर्षी बघू. कप्तानाचा कल इकडे होता. त्याचं म्हणणं साधं होतं: नांगरलेलं मूरिंग कुठे जात नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागायचं? पण वर्षानंतर बॅटरी असेल का, जहाज असेल का, आणि तेव्हा बर्फ याहून बरा असेल का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

दुसरा, रिलीजला आताच उघडण्याचा हुकूम द्या, वर कुठेही येऊ दे, मग शोधू. हा पर्याय मांडणाऱ्यांनी याआधी बर्फाखाली फ्लोट हरवलेला नव्हता. फ्लोटवर उपग्रहाला संदेश देणारा बीकन असतो, पण लादीखाली तो मुका होतो.

तिसरा, आकडी टाकून तळ खरवडायचा. ८०० मीटर खोलीवर, बर्फात, दोरी जहाजामागे ओढत. यावर बोसनने, आपल्याकडे ज्याला सारंग म्हणतात त्याने, नुसती मान हलवली आणि विषय संपला.

चौथा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बर्फ फोडून तळं तयार करायचं आणि ते वाहत मूरिंगवर येईल तेव्हा हुकूम द्यायचा. पाचवा, निसर्गतः उघडलेली फट शोधून तेच करायचं. दोन्हींत वेळेचा हिशेब एकच, फक्त पाचव्यात जहाजाचा आवाज कमी. मुख्य शास्त्रज्ञ बाई पाचव्याच्या बाजूच्या होत्या. मात्र दोन्हींसाठी मूरिंग नक्की कुठे आहे ते आधी कळायला हवं होतं, आणि आमचा त्रिकोण अजून तसाच जाड होता.

पहिली दुरुस्ती

झोप येईना म्हणून मी वास्कोला माझ्या जुन्या गाइडना ईमेल टाकला. निवृत्त आहेत, पहाटे उठतात. तीन ओळींत सगळं लिहिलं आणि तीन वर्तुळांचे आकडे जोडले. अर्ध्या तासात उत्तर आलं, नेहमीसारखंच, नमस्कार-चमत्कार न करता: "सकाळी सीटीडी केलंत ना? मग डेक युनिटमध्ये वेग किती घातलायस? पंधराशेच ठेवलंयस काय?"

सीटीडी म्हणजे खोलीनुसार पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारं उपकरण; त्यावरून आवाजाचा वेग निघतो. डेक युनिटमध्ये पंधराशेच होतं. डेक युनिट कारखान्यातून १५०० मीटर प्रति सेकंद या वेगावर येतं, आणि बऱ्याच समुद्रांत ते चालून जातं. जहाज निघण्यापूर्वीची तपासणी यादी मी केली होती. त्यात बॅटरी, केबल, कोड, सुटे रिंग, सगळं होतं. वेगाची ओळ नव्हती. "सर, पंधराशेच," असं उत्तर लिहिताना कान तापले होते.

सकाळच्या सीटीडीवरून वरपासून रिलीजपर्यंतचा सरासरी वेग काढला: १४६१. प्रत्येक अंतर पावणेतीन टक्क्यांनी जास्त येत होतं. लांबून हे फारसं बोचत नाही: हजार मीटर आडव्या अंतराला चाळीस-पंचेचाळीस मीटरची चूक. पण जसजसं मूरिंगच्या डोक्यावर जावं तसतसं प्रकरण बिघडतं, कारण तिरक्या अंतरातली सगळी चूक आडव्या अंतराच्या खात्यात पडते. बरोबर डोक्यावर असताना एकवीस मीटरच्या चुकीचे १८० मीटर होतात. रात्रीचा ८०१ चा आकडा सरळ केला तर ७८० आला.

वर्तुळं पुन्हा काढली. तिन्ही वीस मीटरच्या आत मिळाली, नोंदवहीतल्या जागेपासून साठ मीटरवर. टाकताना वजन खाली जाता जाता एवढं सरकतंच. नांगर जागचा हललाच नव्हता. सगळ्यांसमोर हे सांगताना मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते त्यांचं सौजन्य होतं.

आणखी एक बदल केला. ट्रान्सड्यूसर आठ मीटरवरून पस्तीस मीटरवर नेला, जहाजाच्या पोटाच्या आणि आसपासच्या लाद्यांच्याही खाली. केबल बर्फात अडकून तुटायची भीती होती, म्हणून एक माणूस सतत लांब बांबू घेऊन उभा. आणि हाक मारताना थ्रस्टर पूर्ण बंद. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांना, हे आवडलं नाही. बर्फात यंत्रं बंद करून जहाज लाद्यांच्या स्वाधीन करणं कोणत्याही कप्तानाला आवडत नाही. पाच मिनिटांची मुभा मिळाली. त्या पाच मिनिटांत दहा हाकांना दहा उत्तरं आली.

सोडायचं की नाही

सकाळी नऊ वाजून गेल्यावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक फट दिसली, अडीचशे मीटर रुंद, मूरिंगच्या जागेपासून ९०० मीटर. वारा सेकंदाला दहा मीटर. बर्फ वाऱ्याच्या साधारण दोन टक्के वेगाने आणि वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो, हे नॉर्वेचा ध्रुवीय शोधक नान्सेन याने फ्राम जहाज १८९३ ते ९६ बर्फात अडकवून ठेवलं तेव्हा नोंदवलं होतं, आणि कच्च्या हिशेबाला ते आजही कामाचं आहे. म्हणजे सेकंदाला वीस सेंटिमीटर. फट सव्वा तासात मूरिंगवर येणार आणि वीसेक मिनिटं तिथे असणार. फ्लोट सुटल्यावर ४५ मीटर वर यायला चाळीस सेकंद पुरेत. कागदावर भरपूर वेळ होता.

जहाज फटीत शिरलं आणि तिच्याबरोबर वाहायला लागलं. फट मात्र तासाभरात आक्रसली. मूरिंगवर पोचली तेव्हा ती नव्वद मीटर उरली होती.

हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण. कप्तान नको म्हणाला. मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, जागेची खात्री किती? मी म्हटलं, वीस मीटर. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस मीटर पाणी, चूक वीसची. त्यांनी अर्धा मिनिट नकाशाकडे बघितलं आणि सोडा म्हणाल्या. ११:०६ ला हुकूम गेला. रिलीजने "उघडलो" असं उत्तर दिलं. अंतर ७८० वरून घसरायला लागलं: ७७१, ७५८, ७४४, ७३६. आणि ७३६ वर थांबलं. म्हणजे फ्लोट ४५ मीटर चढून पृष्ठभागाला लागला होता.

डेकवरच्या अकरा जणांनी फटीत बघितलं. काळं पाणी, त्यावर बारीक बर्फाचा चुरा. फ्लोट नाही.

वीस मीटरचं उत्तर मी चुकीचं दिलं नव्हतं. ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. आवाजाने आम्हाला रिलीजची जागा सांगितली होती, तळाजवळची. वर येणार होता फ्लोट, त्याच्या जवळजवळ साडेसातशे मीटर वर. प्रवाहात अशी दोरी झुकते. चार अंश झुकली तरी वरचं टोक पन्नास मीटर बाजूला जातं, आणि खोली जेमतेम दोन मीटरने वाढते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या सकाळी प्रवाह जोरात होता. जहाजाच्या प्रवाहमापकावर आकडे समोर दिसत होते. ते बघायला हवेत हे कोणाला सुचलं नाही. आदल्या रात्रीची चूक सापडल्याच्या समाधानात आम्ही होतो.

लादीखाली

आता शेपटाचा उपयोग झाला. फ्लोट लादीखाली अडकला होता, पण रिलीज त्याच्या खाली साडेसातशे मीटरच्या आसपास लोंबत होता, बर्फाच्या गोंगाटापासून दूर, आणि हाकेला ओ देत होता. लादी वाहत होती आणि तिच्याबरोबर सगळं मूरिंग. तळाजवळ फ्लोट लावलेले असते तर रिलीजही वर येऊन बर्फाच्या पोटाला चिकटला असता, आणि ढिगाऱ्यांच्या आडून त्याचं उत्तर मिळणं अवघड होतं.

लादीच्या कडेने जहाज दोन जागी थांबवून अंतरं घेतली. तिसरी जागा लादीच्या पलीकडे हवी होती आणि तिकडे जहाज जाईना. तेव्हा आम्ही चौघं क्रेनच्या पिंजऱ्यातून लादीवर उतरलो. एक बंदूकवाला फक्त अस्वलांवर नजर ठेवायला. ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडलं: १.६ मीटर बर्फ, शेवटच्या वितीला ऑगर एकदम सैल झाला आणि भोकात पाणी उसळून वर आलं, कडेला तपकिरी शेवाळाची रेघ. ट्रान्सड्यूसर चाळीस मीटर खाली सोडला.

जहाज चारशे मीटरवर, यंत्रं मंद. हेडफोनमध्ये आधी बर्फाचे बारीक टकटक आवाज, भाजलेल्या पापडासारखे. मग आमची हाक. मग रिलीजचं उत्तर, कोरडं आणि स्पष्ट, आणि त्याच्या मागोमाग लादीच्या पोटावरून विखुरलेली लांबलचक सळसळ, दोन-तीन सेकंद रेंगाळणारी. आदल्या दिवशी जिला आम्ही गोंधळ म्हणत होतो ती हीच. सरळ पिंग वेगळा ऐकू येत असेल तर ती त्रास देत नाही.

तीन अंतरं मिळाली, या वेळी दोरी सरळ लोंबत होती असं धरून, कारण बर्फ आणि मूरिंग एकत्र वाहत होतं. जागा निघाली लादीच्या उत्तर टोकाकडे, चढलेल्या बर्फाच्या एका कडेजवळ. तिथे दुसरं भोक पाडून काठीला बांधलेला छोटा कॅमेरा आत घातला. हिरवट अंधारात, सात-आठ मीटरवर, ढिगाऱ्याच्या खाचेत अडकलेला केशरी गोल.

आम्ही लादीवरून परतलो. पुढचं काम कप्तानाचं होतं आणि त्याने ते नामी केलं. फ्लोटवर चाल न करता त्याने लादीच्या दक्षिण टोकाला हळूहळू नाक टेकवलं, दाब दिला, मागे आला, पुन्हा दिला. खाली दोरी उभी लोंबतेय, ती पंख्यात गेली तर सगळं संपलं, म्हणून फ्लोटच्या शंभर मीटरच्या आत पंखा फिरवायचा नाही हे त्याने आधीच ठरवून घेतलं होतं. चौथ्या दाबाला लादीला उभी चीर गेली आणि ती जुन्या कडेवरच फुटली. तुकडे फाकले. १८:१० ला त्यांच्या मधून फ्लोट वर आला, एका अंगावर कललेला. बोसनने दुसऱ्या फेकीत आकडी लावली.

निष्पत्ती

पोचल्यापासून फ्लोट वर येईपर्यंत साडेअठ्ठावीस तास गेले. राखून ठेवलेल्या वेळेपेक्षा साडेदहा जास्त. त्याची किंमत एका पीएचडी करणाऱ्या मुलीने मोजली. तळाच्या गाळाचा गाभा काढायचं तिचं स्टेशन रद्द झालं. तिने तक्रार केली नाही, जेवायला मात्र दोन दिवस आमच्या टेबलावर आली नाही.

मूरिंगचं नुकसान कमी झालं. सोनारचं संरक्षक कडं वाकलं, बीकनचा अँटेना मोडला. सगळ्या उपकरणांत वर्षभराची नोंद होती.

आम्ही पोचलो त्या दुपारची रेकॉर्डरची दोनची फाइल मी जहाजावरच ऐकली. आमच्या पहिल्या सहा हाका १४:०२ ते १४:०८ च्या होत्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दहा मिनिटांत. सहाही हाका त्यात होत्या. आणि प्रत्येकीच्या मागे रिलीजचं उत्तरही होतं. त्याने पहिल्या हाकेपासून ओ दिली होती. वर आमचेच थ्रस्टर इतके गरजत होते की आम्हाला काही ऐकू आलं नाही. थ्रस्टरही त्या फाइलमध्ये आहेत, हिवाळ्यातल्या महिन्यांच्या शांततेनंतर कानावर पत्रा ओढल्यासारखे. जमलेल्या, न हलणाऱ्या बर्फाखाली समुद्र उघड्या पाण्यापेक्षाही शांत असतो हे वाचलेलं होतं. फेब्रुवारीच्या काही फाइली इतक्या मुक्या होत्या की रेकॉर्डर बंद पडला असं वाटावं, आणि मग एकदम थंडीचा कडाका आला की तडतड, कुठेतरी लादी तडकल्याची.

वेगाचा प्रश्न घरी परतल्यावरही सुटला नाही. वर बघणारा सोनार बर्फाच्या पोटापर्यंतचा वेळ मोजतो. वेगाने गुणलं की अंतर, आणि स्वतःच्या खोलीतून ते वजा केलं की पाण्याखालचा बर्फ. ४५ मीटरवर एक टक्क्याची चूक म्हणजे ४५ सेंटिमीटर बर्फ. सोनारच्या सॉफ्टवेअरमध्येही सुरुवातीचा वेग १५०० होता. तो तसाच ठेवला असता तर जवळजवळ १.९ मीटरची चूक होऊन अर्ध्या वर्षाचा बर्फ शून्याच्या खाली गेला असता. फट डोक्यावरून जाताना सोनारला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तिथे जाडी शून्य यायलाच हवी. अशा फटी शोधून शोधून वर्षभराचा वेग दुरुस्त केला. तीन महिने लागले.

काय वेगळं करता आलं असतं

वेगाची ओळ आता यादीत पहिली आहे, आणि डेक युनिटच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने "वेग किती?" असं लिहिलंय. ही सोपी दुरुस्ती. त्याहून मला टोचतं ते हे, की तीन वर्तुळं मिळत नाहीत म्हटल्यावर आम्ही आधी समुद्राला दोष दिला, मग उपकरणाला, आणि आमच्या स्वतःच्या आकड्याला सर्वांत शेवटी. तिन्ही वर्तुळं एकाच बाजूला, एकाच प्रमाणात मोठी येत होती. घसरलेल्या नांगराने असं होत नाही. एवढं तरी रात्री दहा वाजता दिसायला हवं होतं.

थ्रस्टर पहिल्या हाकेलाच बंद केले असते तर दुपारी अडीचला आमच्या हातात सहा चांगली अंतरं असती. वेग तरी चुकलेलाच असता, पण १८०७ सारखा भुताटकीचा आकडा आला नसता आणि नांगराची गोष्ट कदाचित सुरूच झाली नसती. आता जहाजाशी आधीच लेखी ठरवून घेतो: हाकेच्या वेळी पाच मिनिटं संपूर्ण शांतता. लादी पुरेशी जाड असेल तर पहिली हाकच भोकातून मारायची, जहाजावरून नाही.

वरच्या फ्लोटला स्वतःचा पिंगर हवा होता. मग झुकाव अंदाजाने काढावा लागला नसता. दोन टोकांच्या जागांतला फरक हाच झुकाव. नव्या मूरिंगवर तो बसवला आहे. वजन, बॅटरी आणि खर्च वाढला म्हणून त्यावरही वाद झाला.

सोडण्याच्या निर्णयाबद्दल अजून एकमत नाही. कप्तान म्हणतो, नव्वद मीटरच्या फटीत सोडणं जुगार होता आणि तो जिंकला म्हणून बरोबर ठरत नाही. मुख्य शास्त्रज्ञ बाई म्हणतात, शेपूट लोंबतं राहणार हे माहीत असताना सोडणं जुगार नव्हता, फार तर महागडं होतं. माझं मत विचाराल तर त्या अर्ध्या मिनिटात मी "वीस मीटर" एवढंच म्हटलं, "तळाशी वीस मीटर" असं म्हटलं नाही. तो एक शब्द जोडला असता तर बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, प्रवाहमापकाकडे कोणीतरी बघितलं असतं, आणि आम्ही फटीच्या मध्यावर नाही, प्रवाहाच्या वरच्या कडेला येईपर्यंत थांबून हुकूम दिला असता. फट आणखी आक्रसली असती का, ते मात्र सांगता येत नाही.